कुठल्या देशात सराव किती कठोर? तालीम, डोजो (जपानी तालीम) आणि कॅम्प यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाला तालमीत घालू की कराटेच्या क्लासला? महिनाभर थायलंडला जाऊन येऊ का? रशियातल्या दागेस्तानचे पैलवान खातात तरी काय? असे प्रश्न मला आठवड्याला दोन-चार तरी येतात. सांगली जिल्ह्यातल्या एका तालमीत मी सात वर्षं माती अंगाला लावली. पुढे नोकरीसाठी पुण्यात आलो, तिथे ज्युदो धरला आणि आता शनिवार-रविवारी पोरांना शिकवतो. तीच तीच उत्तरं देऊन कंटाळलो, म्हणून एकदा सगळी लिहून काढली.

सगळ्यात कठोर सराव कुठल्या देशात होतो?

आधी सांगा, कठोर म्हणजे काय? घाम किती गळतो, मार किती बसतो, तास किती जातात, की गुरूपुढे मान किती खाली घालावी लागते? ही चार मापं निराळी आहेत. थायलंडमध्ये घाम आणि तास भरपूर, पण सरावात मार कमी. हॉलंडमध्ये तास कमी आणि मार जास्त. जपानमध्ये शिस्तीचा काच मोठा. दागेस्तानात तास पुष्कळ, पण दम राखून.

मी स्वतः तीन गोष्टी विचारतो. हे लोक वर्षात किती वेळा लढतात? त्यांना पोसतं कोण? आणि त्यांच्या नियमात जिंकतात कशाने? एवढं कळलं की तिथला सराव न बघताही पुष्कळसा सांगता येतो.

कोल्हापूरकडच्या तालमीत दिवस कसा असतो?

पहाटे चार-साडेचारला उठायचं. पळून यायचं, मग हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात, उतरून माती उकरायची. ही माती उकरणं म्हणजे नुसती साफसफाई नव्हे. खोऱ्याने अख्खा हौदा वरखाली केला की खांदे, पाठ आणि पंजे आपोआप तयार होतात. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असं काय काय पडतं आणि प्रत्येक तालमीला आपलंच प्रमाण खरं वाटतं. मग लढती. वस्ताद कडेला उभे असतात आणि थोरला पैलवान धाकट्याला 'खेळवतो', म्हणजे त्याला डाव टाकू देतो, सोडवतो, पुन्हा धरतो. जोड बरोबरीची असली की मात्र खडाखडीपासूनच, म्हणजे सुरुवातीच्या हाताच्या झटापटीपासूनच, ताकद लागते. त्यानंतर थंडाई, अंघोळ, जेवण आणि झोप. दुपारची झोप हा सरावाचाच भाग आहे, हे शहरातल्या पालकांना पटवून देताना माझ्या नाकीनऊ येतात. संध्याकाळी जोर, बैठका, दोरावर चढणं आणि मालीश.

गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावं तुम्ही ऐकली असतील. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभारलं आणि कुस्तीला राजाश्रय दिला. पैलवानाचा खुराक दरबारातून येत होता, म्हणून पोरगा दिवसभर तालमीत राहू शकत होता. आज तो खुराक बापाच्या उसाच्या बिलातून येतो. दूध, तूप आणि बदाम यांचा महिन्याचा खर्च ऐकला की अनेक घरांत पोराची पैलवानी तिथेच संपते.

रोज हजार जोर आणि दोन हजार बैठका खरंच लागतात का?

ज्या कुस्तीसाठी त्या होत्या, तिच्यासाठी लागत होत्या. जत्रेतली निकाली कुस्ती म्हणजे चितपट होईस्तोवर चालणारी. अर्धा तास, पाऊण तास, प्रसंगी त्याहून जास्त. हलगी वाजतेय, ऊन उतरतंय आणि समोरचा हटत नाही. तिथे ज्याच्या मांड्या आधी थकल्या तो गेला. गामा पैलवानाच्या हजारो बैठकांच्या कथा सांगतात, त्यातला आकडा कमी-जास्त असेल, पण त्यामागचा हिशेब खरा आहे.

मॅटवरची लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन भागांत उरकते. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी मिळाली तर त्याआधीच. तिथे हजार बैठका मारलेल्या मांड्यांपेक्षा सहा मिनिटांत आठ-दहा वेळा स्फोटासारखं घुसणं कामाला येतं. खाशाबा जाधवांना हे अंगावर घेऊन शिकावं लागलं. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते गेले तेव्हा मॅट त्यांना जवळपास अनोळखी होती, तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक. गोळेश्वरचा तोच माणूस आणि तीच ताकद, पण नियम ओळखीचे झाले होते.

एक इशारा. अंगाला सवय नसताना पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारू नका. स्नायू फुटतात आणि त्यांतलं द्रव्य मूत्रपिंडात जाऊन अडकतं. लघवी कोऱ्या चहासारखी दिसली तर मालीश करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

'पैलवान' हा शब्द आपला की बाहेरचा?

फारसी 'पहलवान'. आणि शब्द एकटा आलेला नाही. इराणात जूरखाना नावाची तालीम असते. मधोमध अष्टकोनी खड्डा असतो, त्याला 'गौद' म्हणतात. दार मुद्दाम ठेंगणं असतं, आत शिरणाऱ्याने वाकूनच शिरावं म्हणून. आपल्याकडच्या मुद्गलांसारखे लाकडी 'मील' असतात, जोरांसारखा 'शेना' असतो. फरक तालाचा. तिथे 'मुर्शिद' उंच ओट्यावर बसून ढोल वाजवतो, घंटा देतो आणि फिरदौसी-हाफिजच्या ओळी म्हणतो. अख्खा खड्डा त्या लयीवर चालतो. दमछाक होते, पण कोणी ओरडत नाही, शिवी देत नाही. २०१० मध्ये युनेस्कोने या परंपरेची नोंद केली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकचा सुवर्णविजेता घोलामरेझा तख्ती याच संस्कृतीतून आला. इराणात आजही त्याचं नाव पदकापेक्षा त्याच्या वागणुकीसाठी काढतात.

दागेस्तानात असं काय आहे? लोक जेमतेम बत्तीस लाखांच्या आसपास, आणि पदकं ढिगाने?

तिथल्या एमएमए (मिश्र लढत) विजेत्या खबीब नुरमागोमेदोव्हचे लहानपणी अस्वलाच्या पिल्लाशी झटापट करतानाचे व्हिडिओ बघून आमच्या पोरांना वाटतं की तिथे रोज जिवावरचं काहीतरी चालतं. तिथे राहून आलेले प्रशिक्षक आणि पैलवान सांगतात ते उलटंच आहे. सराव बॉलच्या खेळाने सुरू होतो, तोही धसमुसळा. मग बराच वेळ हलकी झोंबी. हात धरायचे, कोन बदलायचे, पायात शिरून पुन्हा बाहेर यायचं, साठ-सत्तर टक्के जोरावर. पडलास तर पड, हसून उठ. पूर्ण ताकदीची लढत आठवड्यातले मोजके दिवस. त्यामुळे दुखापती कमी होतात आणि वर्षाकाठी अंगाखालून जाणाऱ्या लढतींची संख्या प्रचंड वाढते. खासाव्युर्तमध्ये जन्मलेला बुवायसार सायतियेव्ह १९९६, २००४ आणि २००८ अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं घेऊन गेला. त्याची कुस्ती बघा. कुठे झटका नाही, घाई नाही, समोरचा स्वतःहून तोल देतो असं वाटतं.

आमच्या तालमीत थोरला धाकट्याला खेळवायचा ते याच जातीचं होतं. पण आम्ही ते फक्त पोरांसाठी ठेवलं. बरोबरीच्या दोघांनी हसतखेळत तासभर झोंबावं, ही कल्पना आमच्याकडे आळशीपणात मोडायची.

थायलंडचे मुएथाई खेळाडू सरावात इतके हळू का मारतात?

त्यांना पुन्हा तीन-चार आठवड्यांनी लढायचं असतं म्हणून.

कॅम्पमधला दिवस ऐका. पहाटे आठ-दहा किलोमीटर धावणं, मग दोरी, पॅड आणि बॅग. दुपारी तीनच्या सुमारास पुन्हा तेच, वर अर्धा-पाऊण तास क्लिंच, म्हणजे मानेला धरून गुडघे मारायचा सराव. कामाचा बोजा बघाल तर आमच्या तालमीपेक्षा रेसभरही कमी नाही. पण एकमेकांच्या डोक्यावर पूर्ण ताकदीने कोणी मारत नाही. बँकॉकच्या राजदामनर्न किंवा लुम्पिनी स्टेडियममधल्या लढतीवर घर चालतं. बक्षिसाचा मोठा वाटा, बहुतेक वेळा निम्मा, कॅम्पचा मालक घेतो. पोराला खाऊ-पिऊ घालणारा, झोपायला जागा देणारा तोच. सरावात नाक फुटलं तर दोघांचीही रोजी बुडते, हे दोघांनाही ठाऊक असतं.

याला काळी बाजू आहे. ईशान्येकडच्या इसानसारख्या गरीब भागातली मुलं आठव्या-नवव्या वर्षी रिंगणात उतरतात. १९९९ च्या कायद्याने पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते, पण संमती देणाऱ्या घरालाच त्या पैशांची गरज असते. २०१८ मध्ये एक तेरा वर्षांचा मुलगा लढतीत डोक्याला मार लागून गेला. तोवर तो सुमारे १७० लढती लढला होता. 'थाई लोक सरावात डोकं जपतात' हे वाक्य मी पोरांना सांगतो तेव्हा हा आकडाही सांगतो.

मग हॉलंडमध्ये सरावातच हाणामारी का?

१९७० च्या दशकात ॲम्स्टरडॅममध्ये चाकुरिकी आणि मेजिरो ही जिम उभी राहिली. जपानी पूर्णस्पर्श कराटे आणि किकबॉक्सिंग, त्यात पाश्चात्त्य बॉक्सिंगचे हात, असं मिश्रण. तिथला खेळाडू दिवसा नोकरी करतो आणि संध्याकाळी येतो. लढतीही थायलंडइतक्या नसतात. मग लढतीचा अनुभव मिळवायचा कुठे? जिममध्येच. म्हणून स्पॅरिंग, म्हणजे सरावातली झुंज, लढतीसारखंच होतं. रामोन डेकर्स याच मुशीतला. थायलंडमध्ये जाऊन थाई लोकांना मान डोलावायला लावणारे परदेशी फार थोडे, त्यांत त्याचं नाव पहिलं निघतं. पण दर आठवड्याला डोक्याला मार बसला तर मेंदू ते विसरत नाही, आणि अलीकडे खुद्द तिथलेही अनेक जण स्पॅरिंग हलकं करू लागले आहेत.

भारतातल्या बऱ्याच नव्या किकबॉक्सिंग-एमएमए जिमनी डच मार घेतला, थाई तास मात्र घेतले नाहीत. महिन्याची फी भरून आठवड्यातून तीनदा येणारा आयटीतला मुलगा आणि पहिल्याच महिन्यात पूर्ण ताकदीचं स्पॅरिंग, हे मला तरी पटत नाही.

जपानमध्ये गुरू मारतात, हे खरं का? आणि मार खाल्ल्याशिवाय खेळाडू घडतो का?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं ज्युदोच्या इतिहासात सापडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एका देवळात कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. ते पेशाने शिक्षक होते. जुजुत्सू या जुन्या जपानी झोंबीतले अंग मोडणारे डाव बाजूला काढून पूर्ण जोराने तरी सुखरूप झोंबता यावं, हा त्यांचा हेतू. म्हणून आधी पडायला शिकवायचं आणि मग पाडायला. जानेवारीच्या कडाक्यात भल्या पहाटे होणारा 'कानगेइको' आणि ऐन उन्हाळ्यातला 'शोचूगेइको' अजून चालतात. ते मन घट्ट करण्यासाठी आहेत आणि त्यांत मारझोड नाही.

मारझोड शिरली ती शाळा-कॉलेजांच्या क्लबांत. वरच्या वर्गातल्याने खालच्याला राबवायचं, प्रशिक्षकाने गाल सुजवायचे आणि पालकांनी आभार मानायचे. १९८३ पासूनच्या तीसेक वर्षांत तिथल्या शाळांत ज्युदो करताना शंभराहून अधिक मुलं दगावली, बरीचशी डोक्याला मार लागून. नवशिक्याला पडण्याचा सराव पुरेसा नसताना दमून गेल्यावरही आपटत राहायचं, हे त्यामागचं एक मोठं कारण. २०१३ मध्ये राष्ट्रीय महिला संघातल्या पंधरा जणींनी प्रशिक्षक थपडा आणि बांबूच्या तलवारीने मारतात अशी तक्रार मांडली आणि मुख्य प्रशिक्षकाला जावं लागलं. २०२२ मध्ये तिथल्या ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली. लहान पोरांना जिंकण्यासाठी वजन उतरवायला लावतात, पालक आणि प्रशिक्षक त्यांच्यावर ओरडतात, हे कारण.

आता फ्रान्स बघा. तिथे १९५५ च्या कायद्यापासून पैसे घेऊन ज्युदो शिकवायचा तर सरकारी पदविका लागते. पॅरिसमध्ये राहिलेल्या मिकोनोसुके कावाइशी यांनी रंगीत पट्ट्यांची पद्धत रुजवली, म्हणजे पोरांना दर काही महिन्यांनी काहीतरी मिळत गेलं. नोंदणीकृत ज्युदोपटू तिथे पाच लाखांच्या घरात आहेत. जपानची लोकसंख्या जवळपास दुप्पट असून तिथे त्याच्या निम्मेही नाहीत. आणि हे मऊ झाले म्हणावं तर टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकच्या मिश्र सांघिक अंतिम लढतीत फ्रान्सने हरवलं ते जपानलाच.

आमच्या वस्तादांच्या हातातही वेताची छडी असायची. त्यांच्याबद्दल मला आजही प्रेम आहे. पण माझ्या बरोबरचे जे दोघे सगळ्यात चपळ होते, ते त्या छडीपायीच पळून गेले. एक आता ट्रॅक्टर दुरुस्त करतो. भेटला की म्हणतो, "तुझ्यापेक्षा चांगली ढाक (कुस्तीतला एक डाव) मी मारत होतो." आणि ते खरं आहे.

कोरियात वर्ष-दीड वर्षात ब्लॅक बेल्ट मिळतो म्हणे. म्हणजे तो खोटा का?

खोटा नाही, त्याचा अर्थ निराळा. कोरियात तायक्वांदोचा दोजांग म्हणजे शाळेनंतर मुलांना व्हॅनने घेऊन जाणारी जागा. पंधरा वर्षांखालच्यांना मिळतो तो 'पूम', लाल-काळा पट्टा. मुळाक्षरं आली, एवढंच त्याचं म्हणणं. ब्राझिलियन जिउ-जित्सूत, म्हणजे जमिनीवरच्या झोंबीच्या खेळात, ब्लॅक बेल्टला साधारण दहा वर्षं लागतात आणि एकोणिसाव्या वर्षाआधी तो देतच नाहीत. दोन पट्टे शेजारी ठेवून भांडणात अर्थ नाही. आपल्या गल्लीतला क्लास परीक्षेची फी किती घेतो, ते मात्र जरूर बघा.

आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगा हायस्कूलमध्ये रेसलिंग करतो आणि वजन उतरवायला जेवण सोडतो. काळजी करावी का?

करावी. अमेरिकेत हंगाम छोटा असतो, साधारण नोव्हेंबर ते मार्च, त्यामुळे सगळं त्यात कोंबलेलं. वरून आयोवाच्या डॅन गेबलसारख्यांचा आदर्श. १९७२ च्या म्युनिकमध्ये त्याने एकही गुण न देता सुवर्ण घेतलं आणि प्रशिक्षक म्हणून विद्यापीठाला पंधरा राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवून दिली. त्याच्यासारखं झिजायचं हे त्या खेळात देवाच्या आज्ञेसारखं झालं.

१९९७ च्या अखेरीस जेमतेम पाच आठवड्यांत तीन कॉलेज कुस्तीगीर वजन उतरवताना गेले. प्लास्टिकचे सूट, तापलेल्या खोलीत सायकल, पाणी बंद. त्यानंतर रबरी सूट आणि सॉना यांवर बंदी आली, वजन लढतीच्या अगदी जवळ घेऊ लागले आणि किमान वजन आधीच ठरवून देऊ लागले. मुलाच्या शाळेत हे मोजमाप झालं असणार, प्रशिक्षकाकडून तो आकडा मागून घ्या. मुलगा त्याखाली जाऊ बघत असेल तर वरच्या गटात लढू दे. शंभर ग्रॅमपायी विनेश फोगाटची पॅरिसमधली अंतिम लढत गेली तेव्हा अख्खा देश हळहळला. त्या रात्री तिच्या शरीराचं काय झालं असेल, यावर मात्र फारसं कोणी बोललं नाही.

मुलींचा सराव वेगळा असतो का?

नसावा. जपानच्या काओरी इचोने २००४ ते २०१६ अशी चार ऑलिम्पिक सुवर्णपदकं घेतली. तिथे विद्यापीठात मुलींचा सराव मुलांइतकाच लांबलचक असतो. आपल्याकडे महिला महाराष्ट्र केसरी २०२३ मध्ये सांगलीत सुरू झाली, पुरुषांची १९६१ पासून आहे. मधल्या बासष्ट वर्षांत किती पोरी नुसत्या कट्ट्यावरून बघत राहिल्या असतील! मुलीला घालण्याआधी तालमीत स्वतंत्र कपडे बदलायची जागा आणि एखादी ताई शिकवायला आहे का, एवढं बघा.

काही लोक जात्याच काटक असतात का?

मला तसं वाटत नाही, नियम आणि पोसणारा बदलला की माणसंही बदलतात. तुर्कस्तानच्या किर्कपिनार स्पर्धेत तेल लावून कुस्ती खेळतात. १९७५ पर्यंत वेळेचं बंधन नव्हतं, लढत दुसऱ्या दिवशीही चालू राहायची. मग मर्यादा आली आणि त्याच गावांतले, त्याच घरांतले पैलवान वेगळ्या घाईने खेळू लागले. रक्त तेच होतं. क्युबात १९६२ मध्ये व्यावसायिक बॉक्सिंग बंद झालं. सरकार पोसणार आणि पदक हवं म्हटल्यावर सगळा सराव तीन फेऱ्यांत गुण घेणाऱ्या पायांभोवती बांधला गेला.

महिनाभर थायलंडला जाऊ का?

जा, मजा येते. पण जाण्याआधी दोन महिने रोज पाच किलोमीटर पळा, नाहीतर पहिल्या आठवड्यात नडग्या सुजून पंख्याखाली पडून राहाल. दिवसाचं एकच सत्र धरा. आणि आठवड्याभरातच कोणी 'तुझी लढत लावतो' म्हणालं तर हात जोडा. तिकीट बघायला येणाऱ्यांचं असतं आणि पडणारे दात तुमचे.

पावसाळ्यात तालीम बंद ठेवतात का?

नाही. नागपंचमीची काही मैदानं सोडली तर पावसाळ्यात कुस्त्या कमी असतात. जत्रा असतात उन्हाळ्याकडे. म्हणून हे अंग कमवायचे महिने. खुराक वाढवायचा, जोर-बैठका वाढवायच्या, जुनी दुखणी बरी करायची. केरळातल्या कळरीतही, म्हणजे तिथल्या युद्धकलेच्या तालमीतही, पाऊस हाच मुख्य काळ. कर्किडकम या तिथल्या पावसाळी महिन्यात शिष्याला जमिनीवर निजवून, वर टांगलेल्या दोराला धरून गुरू पायाने तेल चोळतो. आमच्याकडे मालीश धाकटा पैलवान करतो आणि थोरला झोपी जातो. हौद्यावर छप्पर नीट आहे का, हे मात्र ज्येष्ठातच बघून घ्या. एकदा माती भिजली की ती सुकवून पुन्हा मऊ करायला पंधरा दिवस जातात, आणि ते काम शेवटी नव्या पोरांच्याच गळ्यात पडतं.